मागचं शेत

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही घरचे सहा जण हुरडा खायला गेलो होतो. आई, बाबा, ताई, दाजी, ताईची सहा वर्षांची मुलगी आणि मी. सकाळी साडेसातला हडपसर सोडलं, उरुळी कांचनला चहा झाला आणि यवतच्या पुढे एका फ्लेक्सवर रंगवलेली बैलगाडी बघून आत वळलो. मोठ्यांना नऊशे रुपये, लहानांना पाचशे. सहा जणांचे मिळून पाच हजार. मी फोन काढून स्कॅन केलं, काउंटरवरच्या डब्यातून बाई बोलली, आणि आम्ही शेतात शिरलो.

या पाच हजारांत बरंच काही होतं. नाश्त्याला पोहे, मग बैलगाडी, ट्रॅक्टरची फेरी, गोफण फिरवून बघणे, विहिरीपाशी फोटो, अकरा वाजता हुरडा, दुपारी चुलीवरचं जेवण, संध्याकाळी उसाचा रस. ‘शेतकऱ्याचा एक दिवस’ असं पाटीवर लिहिलं होतं. एवढं सगळं एका दिवसात करणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही, पण ते असो.

मालक चाळिशीचे होते, बोलायला मोकळे. हुरड्याचा प्लॉट दाखवताना त्यांनी सांगितलं की ज्वारी एकदम पेरत नाहीत. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्याने पेरतात, म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर शनिवार-रविवारी कुठला तरी तुकडा हुरड्यावर आलेला असतो. दाणा दुधात असताना कच्चा, आणि कडक झाला की हुरडा संपला, मग ती नुसती ज्वारी. मधले ते थोडे दिवस ओढून ताणून तीन महिने केलेले. मला हे फार आवडलं. आमच्या भाषेत याला स्टॅगर्ड रिलीज म्हणतात.

तेवढ्यात भाचीने विचारलं, “मामा, हे खरं शेत आहे का?”

मी हसलो. मालक मात्र हसले नाहीत. म्हणाले, “खरंच आहे बाळा. पण आमचं पोट मागच्या शेतावर.” आणि त्यांनी तुरीच्या रांगेपलीकडे हात केला. तिकडे ऊस होता, मोटर चालू होती, आणि मध्ये दोरी बांधून ‘प्रवेश बंद’ लिहिलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे पुढचं आणि मागचं शेत चालू आहे. दुसऱ्याच्या कष्टाच्या जागी आपण एक दिवस मजेला जातो, यात काही चुकतं का? आणि चुकत असेल, तर नेमकं कुठे?

आधी बाबांचं सांगतो. बाबा लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. 1986 साली पुण्यात आले, भोसरीच्या एका कारखान्यात लागले आणि तिथेच निवृत्त झाले. गावाबद्दल ते कमी बोलतात. बोलले तर दुष्काळाबद्दल. पण त्या रविवारी ते वेगळेच होते. गोफण हातात आल्यावर त्यांनी दगड असा भिरकावला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. आगटीपाशी बसून गरम कणसं दोन्ही तळहातांवर चोळून दाखवली. तिथे चोळायला माणसं ठेवली होती, तरी यांनी ऐकलं नाही. नंतर गाडीत बघितलं तर हात लाल झालेले.

बैलगाडीत आम्ही दहा-बारा जण होतो. ओढा ओलांडल्यावर छोटासा चढ लागला, आणि बाबा चालत्या गाडीतून खाली उतरले. गाडीवान म्हणाला, “बसा हो साहेब, पैसे दिलेत की.” बाबा काही न बोलता गाडीच्या बाजूने चालत राहिले. चढ संपल्यावर पुन्हा बसले. मला कळलं नाही. आईने हळूच सांगितलं, “चढाला माणसांनी उतरायचं असतं. बैलाच्या मानेवर येतं.”

बाकी आम्ही सगळे बसूनच होतो. आम्ही काही वाईट माणसं नव्हतो. आम्हाला माहीतच नव्हतं. आणि माहीत असायची गरज पडू नये, म्हणूनच तर तिकीट होतं.

खेड्याचं असं खेळणं करायची हौस जुनी आहे. व्हर्सायच्या बागेत मारी आंत्वानेतने 1783च्या सुमारास एक अख्खं खेडं बांधून घेतलं होतं. गिरणी, गोठा, दूधघर, तळं, आणि खरी शेती करायला एक खरा शेतकरी. थिओक्रिटसने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मेंढपाळांवर गोड कविता लिहिल्या, त्याही अलेक्झांड्रियासारख्या मोठ्या शहरात वाचल्या जायच्या. रेमंड विल्यम्स नावाचा एक वेल्श समीक्षक होता, रेल्वेत सिग्नलमन असलेल्या बापाचा मुलगा. ‘द कंट्री अँड द सिटी’ या 1973च्या पुस्तकात त्याने या सगळ्या परंपरेची उलटतपासणी केली. त्याचं एक निरीक्षण मला विसरता येत नाही. राबण्याचं शेत सहसा ‘देखावा’ नसतं. देखावा दिसायला आधी बाजूला उभं राहावं लागतं.

हे वाचून शहाणा झालेला माणूस हुरडा पार्टीत बसून नाक मुरडू शकतो. मी तासभर तसा बसलोही होतो. इन्स्टासाठी डोक्यावर फेटा बांधून घेणारी मंडळी, साठ रुपयांना विकायला ठेवलेल्या शेणाच्या गोवऱ्या, सगळ्यावर मनातल्या मनात कॉमेंट्री चालू. पण मालकांशी जेवताना बोललो आणि ती कॉमेंट्री बंद पडली.

त्यांचं गणित सोपं होतं. 2024-25साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3421 रुपये. म्हणजे आम्ही सहा जणांनी सकाळी मोजलेले पाच हजार हे जवळजवळ दीड क्विंटल ज्वारीचे पैसे झाले. ती ज्वारी पिकवायची तर नांगरट, पेरणी, खुरपणी, पाखरं राखणं, मग एकेक ताट मुळासकट उपटून काढणं, खुडणं, मळणी. आणि एवढं करूनही बाजारात भाव मिळेल याची खात्री नाही. महाराष्ट्रात सरासरी शेतजमीन 1.34 हेक्टर, ही 2015-16च्या कृषी गणनेतली आकडेवारी. एवढ्या तुकड्यावर घर चालवणाऱ्याला शहरातल्या माणसाची हौस हे एक पीक वाटलं, तर त्यात हिणवण्यासारखं काय आहे? आमच्या पलीकडे बारामती तालुक्यात पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी हे काम 2005च्या सुमारास सुरू केलं, आणि 2020 साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरणच आणलं. मालक म्हणाले, “ज्वारी विकायला गेलो तर मी हात जोडतो. हुरडा विकतो तेव्हा तुम्ही ॲडव्हान्स बुकिंग करता.”

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण मला वाटलं, आमच्याकडे तर याच्यापेक्षा चांगलं काही होतं. वेळ अमावास्या. आमच्या भागातले लोक तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव भागात गावंच्या गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग येईल त्याला जेवायला घालायचं. भज्जी, उंडे, आंबिल. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारतात. तिकीट नाही, बुकिंग नाही. 2024 साली ती 30 डिसेंबरला होती, सोमवारी. माझं रिलीज होतं, म्हणून गेलो नाही. (गेल्या सहा वर्षांत दर वेळी काहीतरी होतंच.)

जेवताना मी हे बोलून दाखवलं. आमच्याकडे पाहुणचार होता, इथे त्याचा धंदा झालाय, असं काहीतरी. बोलताना मला ते बरंच खोल वाटलं होतं. आईने भाकरी मोडता मोडता ऐकलं आणि म्हणाली, “आदल्या रात्री दोन वाजता उठून मी आणि तुझी आत्या चूल पेटवायचो. तीस-चाळीस माणसांचं. भज्जीच्या शेंगा सोलण्यातच आदला दिवस जायचा. डोक्यावर पाट्या घेऊन चालत रानात. सगळे जेवून झाले की मग आम्ही. गोड लागायचं तुम्हाला.” थोडं थांबून म्हणाली, “कुणी माणशी नऊशे दिले असते तर मला तरी वाईट वाटलं नसतं.”

चुलीपाशी भाकरी थापत असलेल्या मावशी हे ऐकून हसल्या. त्यांना दिवसाचे पाचशे मिळतात. हंगामात शनिवार-रविवार इथे, बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला. ते काम बरं की हे, असं आईने विचारलं तर म्हणाल्या, “इथं सावली हाय.”

आईने माझं अर्धं तत्त्वज्ञान तिथेच मोडीत काढलं. फुकट मिळालेल्या गोष्टीत प्रेम असतं आणि पैशाने मिळालेल्या गोष्टीत व्यवहार, ही वाटणी ज्याच्या ताटात वाढलं जातं त्याला सुचते. वाढणाऱ्याला ती तशी दिसेलच असं नाही. तिकिटामुळे निदान हिशोब तरी होतो. कोणी किती वेळ उभं राहिलं, त्याचे किती झाले. पाचशे रुपये कमी आहेत असं माझं मत आहे, पण कमी आहेत असं म्हणायला आधी आकडा लागतो. आईच्या येळवशीला आकडाच नव्हता.

म्हणून मी असं धरून चालतो की तिकिटात खोट नाही. तुम्ही पुढच्या शेतात जाता, पैसे देता, संध्याकाळी निघून येता. मागचं शेत तुम्ही आपलं म्हणत नाही. दोरी दिसते. सँडबॉक्स आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि तुमच्या खेळण्याने प्रॉडक्शनमधलं काही बिघडत नाही.

मग मला दिवसभर जे टोचत होतं ते काय होतं?

सांगतो. औसा तालुक्यात आमची आठ एकर जमीन आहे. चार काकांची, चार बाबांची. 2019 साली मला नोकरी लागल्यावर बाबांनी त्यांच्या चार एकरांवर माझं नाव लावलं. कारण साधं होतं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असावं लागतं, आणि सातबारावर नाव असलं की ते सिद्ध करायला सोपं जातं. पुढेमागे पुण्याजवळ फार्महाऊसचा विचार केला तर उपयोगी पडेल. माझ्या ऑफिसातल्या दोघा-तिघांना याचा हेवा वाटतो. त्यांच्याकडे फ्लॅट आहेत, पण ते शेतकरी नाहीत. मी आहे. पंधरा रुपये भरले की डिजिटल सही असलेला सातबारा माझ्या फोनवर येतो. पाऊस किती झाला ते मात्र मी हवामानाच्या ॲपवर बघतो.

आठही एकर माझा चुलतभाऊ कसतो. काका गेल्यापासून तो एकटाच. आम्हाला वर्षाला हरभऱ्याची दोन पोती, तूरडाळ आणि सोयाबीन विकल्यावर त्याला जमतील तेवढे पैसे देतो. ज्वारी तो आता पेरत नाही. काढायला माणसं मिळत नाहीत आणि आजूबाजूला कोणीच पेरत नसल्यामुळे सगळी पाखरं त्याच्याच रानात उतरतात. त्यामुळे चार एकरांचा मालक असलेला मी हुरडा खायला पाच हजार रुपये देऊन यवतला जातो.

दिवाळीत दादाचा फोन आला होता. चार एकर मला दे म्हणाला. बाजारभाव जमणार नाही, जो सांगतो तो दर धर, तीन-चार हप्त्यांत देतो. त्याने कारण सांगितलं ते असं. माझ्या नावावरच्या तुकड्यावर त्याला पीककर्ज मिळत नाही. त्यात ठिबक किंवा फळबाग करायची तर लाखभर घालावे लागतात, आणि उद्या मी विकली तर ते पाण्यात. “जमीन तुझ्या नावची, त्याच्यात मी पैसा घालू कसा? आन् तू तर काहीच करायलास नाही तिचं.” चिडून नव्हता बोलला. मी म्हणालो, बघू. ते ‘बघू’ अजून चालू आहे.

का? मी स्वतःला सांगत आलो की जमीन म्हणजे मुळं. नाळ. असले शब्द. पण यवतला दोरीच्या अलीकडे उभं असताना मला दिसलं की मी तर दोरीच्या पलीकडची जागाच कायमची अडवून ठेवली आहे. तिकीट न काढता. माझ्या ‘मुळांच्या’ भावनेचा खर्च दरवर्षी दादा भरतो, न लावलेल्या ठिबकच्या, न मिळालेल्या कर्जाच्या रूपात. मारी आंत्वानेतच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला निदान पगार मिळत असावा.

यात आणखी एक गोष्ट आहे जी मला लहानपणापासून माहीत होती, पण कधी जोडून पाहिली नव्हती. ही जमीन आमच्या आजोबांची आली कशी? ते कूळ होते. मूळ मालक लातुरात राहायचे, रानात वर्षातून एकदा, वाटा घ्यायला यायचे. 1950च्या हैदराबाद कूळ कायद्याने मराठवाड्यातल्या कुळांना संरक्षण दिलं, आणि पुढे ती जमीन आजोबांच्या नावावर झाली. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. कसेल त्याची जमीन. लॉकने सतराव्या शतकात हेच जरा वेगळ्या अंगाने मांडलं होतं, की माणूस आपले कष्ट जमिनीत मिसळतो तेव्हा ती त्याची होते. ज्या तत्त्वावर आम्हाला जमीन मिळाली, त्या तत्त्वाने आज ती कोणाची? शहरात राहणारा, वर्षातून एकदा वाटा घेणारा माणूस आता मी आहे. दादा माझा भाऊ आहे म्हणून कोणी त्याला कूळ म्हणणार नाही, एवढाच फरक.

पण हे इतकं सरळही नाही. बाबांनी पंचवीस वर्षांचे होईपर्यंत त्या रानात काम केलंय. त्यांचे कष्ट मिसळलेले नाहीत का? ते मुदतबाह्य होतात का, आणि कितव्या वर्षी? दादाच्या दराने दिली तर माझ्या उदारपणाचे पैसे खरं तर बाबांचे असतील. आणि कष्टच मोजायचे तर आत्याचे कुठे गेले? लग्न होईपर्यंत ती रोज रानात होती. आजोबा गेल्यावर भावांना हक्कसोडपत्र लिहून दिलं, साडी घेतली, जेवली आणि सासरी गेली. तिने त्या जमिनीवर जितके दिवस घातले तितके तास मी घातलेले नाहीत, तरी सातबारा माझ्या नावाने निघतो.

परतताना गाडीत हा विषय मीच काढला. भाची मागे झोपली होती, डिकीत हुरड्याची दोन किलोची पिशवी होती. दादाला जमीन देऊन टाकावी असं मला वाटतंय, असं म्हणालो. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “त्यालाच द्यायची. पण आत्ता नको.” का ते सांगितलं नाही, आणि त्यांचे लाल झालेले हात मांडीवर तसेच उपडे होते. मला पुढे विचारवलं नाही.

ताई म्हणाली, “तू ठरवतोयस म्हणजे, नाव तुझंच आहे.” एवढंच. 2019 साली नाव लावताना तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो हे कारण मी बरीच वर्षं वापरलं आहे.

लोणी काळभोरजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी मनात एक यादी करत होतो: कोणाला विचारायला हवं आणि कोणत्या क्रमाने. तोपर्यंत माझ्या यादीत सगळ्यात वर वकील होता. घरी पोचेपर्यंत आत्या वर आली.

रात्री तिला फोन लावला. सगळं सांगितलं. दादाचा दर, हप्ते, पीककर्ज. तुझं काय म्हणणं आहे, असं विचारलं. ती हसली. “मला कशाला इचारायलास बाबा आता? सही करून किती वर्षं झाली.” मग थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं फोन कट झाला.

“ते विहिरीपाशी चिंचेचं झाड व्हतं,” ती म्हणाली. “हाय का अजून?”

मला माहीत नव्हतं. दादाला विचारून सांगतो म्हणालो.